चिंच, एक

कोल्हापुरात, भूमी अभिलेखच्या तळमजल्यावर
मगदूम शिरस्तेदारांनी गठ्ठ्याची नाडी सोडली.
आधी एक झुरळ बाहेर आलं, मग गाव.
कापडावर डकवलेला कागद, आठ घड्यांचा;
घड्या जिथं एकमेकींवर आल्या
तिथली शाई झिजून गेलेली,
म्हणजे नेमकी चावडी, आणि शेजारची दोन घरं.
"हात पुसून धरा," ते म्हणाले.
मी ओढणीला पुसले.

खाली काच, काचेखाली ट्यूबलाइट,
वर माझा ट्रेसिंग पेपर.
ओढ्यावरून पेन्सिल नेताना
उगाचच चप्पल काढावीशी वाटली.

जुन्या शीटवर थळांची नावं, मोडीत:
खारीचा दंड, कोल्हेदरा, सासूसुनेची पट्टी,
भुताचं डबरं.
नव्या शीटवर गट नंबर दोनशे सात ते तीनशे चाळीस.
उपग्रहाच्या चित्रात तेवढंही नाही.
ऊस, ऊस, मध्येच पत्र्याची चमक, परत ऊस.
सर म्हणाले होते, बदल टक्क्यांत मांड.
मांडला. गायरान अकरावरून दीड.
भुताचं डबरं कुठल्या रकान्यात घालू,
हे विचारायचं धाडस झालं नाही.

मे महिन्यात झेरॉक्स घेऊन गावात गेले.
दस्तगीर मुल्लाणींचा आजा मोजणीला साखळी ओढायचा.
तेहतीस फूट, सोळा आणे,
मागचं टोक कायम त्याच्या हातात.
"उनात साखळी वाढायची बघा," चाचा म्हणाले,
"कड्या ताणलेल्या. सायेब झाडाखाली.
आजा म्हणायचा, गाव कागदापेक्षा जास्तच हाय.
कुणाच्या बांधात जास्त, त्ये मात्र
मरूस्तवर सांगितलं न्हाई त्यानं."
आणि हसले. दात दोनच,
पण दोन्ही जुन्या हद्दीवर.

भोगावतीकडच्या मळीत आता प्लॉट पडलेत.
ओढ्याची तुटक रेघ
शोभा कोरवींच्या स्वयंपाकघरातून जात होती,
ओट्याखालून, गॅसच्या टाकीला वळसा घालून.
सांगू की नको, असं झालं. सांगितलं.
त्यांनी चहा गाळता गाळता खाली पाहिलं:
"तरीच फरशी बसंना कुठं.
तीनदा गवंडी बोलावला."
मग भिंतीवर, कॅलेंडरच्या वर,
पुराच्या पाण्याची रेघ दाखवली.
त्यांनी ती रंगवू दिली नव्हती.
झेरॉक्स मी गपकन घडी घालून पिशवीत टाकली,
चुगली करून आल्यासारखी.

उरली तिकटी.
तिथं डांबरी रस्ता सरळ येतो
आणि सपाट माळावर, काही कारण नसताना,
डावीकडं कमरेतून वाकतो.
ना खड्डा, ना देऊळ, ना कुणाचा गोठा.
चार जणांना विचारलं.
"आधीपासनंच हाय की," चौघंही म्हणाले.
नकाशात तिथं मुगाएवढं वर्तुळ,
शेजारी बारीक अक्षर: चिंच, एक.

कुणी तोडली, कधी, कुणालाच ठाऊक नाही.
दस्तगीरचाचांनीसुद्धा पाहिलेली नाही.
पण तिला टाळून गाडीचं चाक गेलं असणार,
चाकोरीवर मुरूम पडला, मुरमावर खडी,
आणि डांबर टाकणाऱ्यांनी कुठं विचारायचं.
ऊन उतरेपर्यंत उभी राहिले.
कारखान्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट
तिला जपून गेला.
दुधाच्या किटल्या लावलेला एक पोरगा आला,
वेग कमी न करता, मान जरा कलती करून,
फांदी लागू नये तशी.

प्रबंधात रस्त्याची लांबी दिली आहे,
दोन किलोमीटर सहाशे चाळीस मीटर.
त्यातले अकरा-बारा मीटर चिंचेचे,
ते वेगळे दाखवलेले नाहीत.

परतताना वडाप मिळालं. शेवटची सीट.
तिकटीवर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
मी वाकून समोर पाहिलं.
कुणी नव्हतं.